कराचीतला तंबू आणि हरवलेला भाऊ : कथेसाठी मदत हवी आहे

रेघोट्या

नमस्कार मंडळी,

दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहायला घेतली आणि तिसऱ्या प्रकरणात गाडी रुतली आहे. इथे इतिहासवाले, टपालवाले, कोकणवाले असे सगळे नमुने आहेत (प्रेमाने म्हणतेय), म्हणून धागा काढला.

कथा 'तेहरानच्या मुलां'ची आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. १९३९ मध्ये पोलंडचे दोन तुकडे झाले, पश्चिमेचा जर्मनीने घेतला आणि पूर्वेचा रशियाने. जर्मनांच्या भीतीने पूर्वेला पळालेल्या हजारो ज्यू कुटुंबांना १९४० मध्ये रशियनांनी मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि अर्खांगेल्स्कच्या जंगलांत लाकडं तोडायला पाठवलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिनने या पोलिश कैद्यांना सोडलं. सुटलेली माणसं ऊब आणि अन्न शोधत दक्षिणेला, उझबेकिस्तानात आली. तिथे टायफस आणि उपासमार. पोलिश अनाथालयात पोरांना निदान पाव मिळतो असं कळल्यावर कित्येक आईबापांनी, स्वतः जिवंत असताना, 'हे अनाथ आहे' असं सांगून आपलं मूल तिथे सोडलं.

१९४२ मध्ये जनरल अँडर्सचं पोलिश सैन्य कास्पियन समुद्र ओलांडून इराणात गेलं आणि त्याच्यामागोमाग ही अनाथालयंही. त्यांतली ज्यू मुलं वेगळी काढून तेहरानजवळच्या छावणीत ठेवली. पॅलेस्टाइनला न्यायचं तर जवळचा रस्ता इराकमधून, पण इराकने परवानगी नाकारली. मग ३ जानेवारी १९४३ ला तेहरानहून निघून इराणच्या आखातातलं बंदर, तिथून 'डुनेरा' जहाजाने कराची, कराचीहून दुसऱ्या जहाजाने अरबस्तानाला वळसा घालून सुएझ आणि मग सिनाई वाळवंटातून रेल्वेने पॅलेस्टाइनमधलं अतलित. तिथे पोचले १८ फेब्रुवारीला. साडेआठशेच्या वर मुलं होती.

माझी नायिका रिव्का, वय १३. भाऊ हर्श, वय ७. (दोघं काल्पनिक.) आईने दोघांना समरकंदच्या अनाथालयात ठेवलं. निघायच्या आठवड्यात हर्शला ताप भरला, त्याला इस्पितळात हलवलं आणि तांडा पुढे गेला. उरलेली कथा म्हणजे रिव्काने केलेला भावाचा शोध.

अडचण अशी आहे. कराचीत तिला एखादी मराठी बोलणारी बेने इस्राएली (म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली) बाई भेटवावी असं फार वाटतंय, पण हे ओढूनताणून होईल का? आणि शेवटी हर्श सापडावा की नाही? माझी बहीण म्हणते सापडू दे, दिवाळी आहे.

पंचगंगाकाठ

ताई, विषय भारी. एक आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कुणीतरी नक्की गोंधळ घालणार. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश कॅम्प होता, १९४३ ते ४८. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. आमची आजी सांगायची, गोऱ्या बायका बाजारात कोथिंबिरीची जुडी घेऊन नुसत्या हुंगत उभ्या राहायच्या. तर ही मंडळी त्याच वाटेने, म्हणजे सैबेरिया-इराण अशीच आलेली, पण जवळपास सगळी कॅथलिक. त्यांची कथा वेगळी, ज्यू मुलांची वेगळी. दोन्हींची खिचडी करू नका.

कोंडाजीचा नातू

मी हाच प्रश्न विचारणार होतो. वाचवलंत.

खडूस_काका

लिहा, लिहा. पण मला एक कळत नाही. १९४३ म्हटलं की आपल्याकडे बंगालचा दुष्काळ. माणसं कलकत्त्याच्या फुटपाथवर मरत होती. त्यांच्यावर मराठीत किती कथा आल्या? पोलंडच्या पोरांचं दुःख गोरं आहे म्हणून मोठं का?

उल्हासनगरकर

काका, मुद्दा चूक नाही, पण जागा चुकली. बंगालवर तुम्ही लिहा, मी पहिला प्रतिसाद देतो.

माझ्याबद्दल सांगायचं तर आमचं घर कराचीचं. १९४७ ला आजोबा सगळं सोडून कल्याण कॅम्पात आले. आजीचा धाकटा दीर गर्दीत चुकला होता. तो मिळाला, पण वर्षाने. तोवर आजी संध्याकाळी कॅम्पाच्या तोंडाशी उभी राहायची, नव्याने येणाऱ्या ट्रककडे बघत. त्यामुळे 'कराची', 'छावणी', 'शोध' हे शब्द एका ओळीत वाचले की मला ही कथा परकी वाटत नाही.

खडूस_काका

बरं. मागे घेत नाही, पण थांबतो.

शनवारतेली

रेघोट्या, मी बेने इस्राएल, माहेर अलिबागकडचं, आता तीस वर्षं इस्राएलमध्ये, अश्दोदला. तुमचा पहिला प्रश्न माझ्या वाट्याचा.

ओढूनताणून अजिबात नाही. कराचीतले बहुसंख्य ज्यू बेने इस्राएलच होते आणि घरात मराठी बोलत. रेल्वे, म्युनिसिपालिटी, पलटण अशा नोकऱ्यांमागे कोकणातून गेलेले लोक. तिथलं मागेन शालोम सिनेगॉग १८९३ चं, ते बांधणारे सॉलोमन डेव्हिड उमेर्डेकर, कराची म्युनिसिपालिटीत सर्व्हेअर. आडनावच बघा, उमेर्डेकर! सिंधच १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, तेव्हा मुंबईहून कराचीला बदली म्हणजे पुण्याहून नागपूरला गेल्यासारखं. (ते सिनेगॉग १९८८ मध्ये पाडलं, तिथे दुकानांची इमारत झाली. असो.)

मात्र एक गोष्ट सांभाळा. अमक्या बाईने अमक्या मुलीला छावणीत अमकं दिलं, असं नोंदीत आहे असा आव आणू नका. कथा म्हणून जरूर घडवा. 'घडलं असेल' आणि 'घडलं' यांत वाचक फसता कामा नये. आमच्या समाजाबद्दल आधीच इतक्या दंतकथा आहेत, अजून एक नको.

आणि भाषा. रिव्का बोलणार यिद्दिश आणि पोलिश. कराचीची बाई मराठी आणि थोडी हिंदुस्तानी. दोघींत सामाईक काय? प्रार्थना. पण त्यातही उच्चार वेगळे. शनिवारच्या सुट्टीच्या पवित्र दिवसाला तुमची रिव्का 'शॅबेस' म्हणेल, आमची बाई 'शब्बाथ'. 'शेमा इस्राएल' मात्र दोघींना कळेल. आमच्या पूर्वजांना बाकी सगळं विसरायला झालं होतं तेव्हाही शेमा पाठ होता, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. आणखी एक, आमच्यात रिव्का हे नाव रिबका असं म्हणतात. माझ्या आत्याचं नाव रिबका.

रेघोट्या

शनवारतेली ताई, रिबका! हे मला सुचलंच नसतं. 'घडलं असेल' आणि 'घडलं' हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते.

टपालवाला

मी पोस्टाची पाकिटं जमवतो, त्यामुळे माझं ज्ञान तेवढ्याच आकाराचं आहे. रिव्का भावाला पत्र लिहील का, कुठून लिहील, हे ठरवताना रेड क्रॉसचा फॉर्म विसरू नका. युद्धात शत्रुदेशांमध्ये टपाल बंद, तेव्हा जिनिव्हामार्फत छापील फॉर्मवर निरोप जायचा. मर्यादा २५ शब्द. घरगुती मजकूरच चाले. उत्तर त्याच कागदाच्या मागे. जायला-यायला महिनोन् महिने. इंग्लंडला पाठवलेल्या मुलांना जर्मनी-ऑस्ट्रियातल्या आईबापांची खुशाली याच कागदावर कळायची.

मी एकदा गंमत म्हणून (गंमत कसली) मराठीत प्रयत्न केला होता. असा:

'चिऊ, आम्ही बरे आहोत. तुझं पत्र मिळालं. बाबांना काम मिळालं. आम्ही प्रवासाला निघतोय. नवीन पत्ता कळवू. गरम कपडे घाल. शहाण्यासारखी राहा. अभ्यास कर. आई.'

१९४२ मधल्या कित्येक निरोपांत 'आम्ही प्रवासाला निघतोय' अशा अर्थाचं वाक्य येतं. त्या प्रवासाची गाडी कुठे जात होती ते आपल्याला आज माहीत आहे, चिऊला नव्हतं.

कोंडाजीचा नातू

मी मोजले. २४ आहेत. एक शब्द उरला.

अक्षता_पु

सहीत बाबा नाहीत.

टपालवाला

अक्षता, मी मुद्दाम गाळला नव्हता हो. आता वाचून अंगावर काटा आला.

सातवाजूनपाच

लंडनहून लिहितेय. रोज लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून गाडी पकडते. बाहेर चौकात मुलांचा एक पुतळा आहे, पायाशी ब्रीफकेससारख्या बॅगा. तो करणारा फ्रँक माइस्लर स्वतः त्या मुलांपैकी एक होता. डिसेंबर १९३८ ते युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे दहा हजार मुलं, बहुतेक ज्यू, एकटी इंग्लंडला आली. गळ्यात नंबराची पाटी, हातात एक बॅग. आईबापांना व्हिसा नाही, फक्त मुलांना.

यात एक गोष्ट मला नेहमी टोचते, ती तुमच्या कथेला कामाची आहे. सहा-सात वर्षांची मुलं इंग्रज घरांत वाढली आणि जर्मन विसरली. युद्ध संपल्यावर ज्या थोड्यांचे आईबाप जिवंत निघाले, त्यांच्यात दुभाषा लागला. आईशी बोलायला दुभाषा! माझा मुलगा इथे जन्मलेला, मराठी समजतो पण उत्तर इंग्रजीत देतो. मी हे वाचलं त्या रात्री त्याला उगाच रामरक्षा म्हणायला लावली. तो वैतागला.

पंचगंगाकाठ

😀 रामरक्षेचं बरोबर केलंत.

ग्रंथपाल_निवृत्त

धागा दोन दिवस वाचतो आहे. हर्श सापडावा की नाही यावर चर्चा होईल असं दिसतं, त्याआधी मी वेगळं विचारतो : रिव्का शोधणार कुणाचं नाव?

हा प्रश्न खोडसाळ नाही. मी आयुष्यभर कार्डं लावली. माणूस हरवतो त्याच्याआधी त्याचं कार्ड हरवतं. आता तुमच्या हर्शचं बघा. पोलिश स्पेलिंगमध्ये तो एक. अनाथालयात ज्यू म्हणून वेगळा पडू नये म्हणून बहिणीने त्याला एखादं पोलिश नाव दिलं असेल, समजा हेन्रिक. अशी नावं लावून, क्रूस करायला शिकून कितीतरी मुलं राहिली. तेहरानला ज्यू मुलं वेगळी काढताना काही पुढे यायलाच तयार नव्हती, इतकं ते अंगवळणी पडलं होतं. हे झालं दुसरं नाव.

आता हर्श रशियातच मागे राहिला. रशियन लिपीत 'ह'ला अक्षर नाही. रशियन माणूस हिटलरला गिटलर म्हणतो, हॅम्लेटला गामलेत. म्हणजे इस्पितळाच्या कागदावर हर्शचा होणार गेर्श. तिसरं नाव. १९४६ मध्ये रशियाने पोलिश नागरिकांना परत पाठवलं, त्यात तो पोलंडला आला असं धरा. त्याच वर्षी जुलैत किएल्त्से गावात जमावाने चाळीसच्या वर ज्यूंना मारलं. युद्ध संपून वर्ष झालं होतं! वाचलेले परत पळाले, बरेचसे जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत. तिथे अमेरिकन कारकून इंग्रजीत लिहिणार, कानाला जसं येईल तसं. चौथं. शेवटी पॅलेस्टाइनला पोचला की किबुत्झमध्ये (सामुदायिक शेतीच्या वसाहतीत) शिक्षक म्हणणार, गलूतमधलं, म्हणजे परदेशातल्या वनवासातलं, नाव टाका, हिब्रू घ्या. हर्श म्हणजे हरिण, हिब्रूत हरिणाला त्स्वी. पाचवं.

हर्श, हेन्रिक, गेर्श, इंग्रजी स्पेलिंगचं जे काही असेल ते, आणि त्स्वी. मुलगा एकच.

युद्धानंतर याद्यांचं पीकच आलं होतं. अब्राहम क्लाउस्नर नावाचे अमेरिकन सैन्यातले धर्मगुरू डाखाऊ छावणीत आले, त्यांनी छावण्याछावण्यांतून वाचलेल्यांची नावं गोळा करून छापली. लोक ती पानं भिंतीवर लावून बोट फिरवत वाचत. जर्मनीतल्या आरोल्सन गावी शोध कचेरी होती, तिचा मोठा संग्रह आजही तिथेच आहे. सुमारे पावणेदोन कोटी माणसांची पाच कोटी कार्डं. ती सरळ अक्षरानुक्रमाने लावली असती तर काहीच सापडलं नसतं, म्हणून उच्चारानुसार लावली, म्हणजे एकाच आडनावाची शंभर स्पेलिंगं एका गठ्ठ्यात येतील. मला या गोष्टीचा हेवा वाटतो. आमच्या वाचनालयात 'देशपांडे' आणि 'देशपाण्डे' दोन खणांत होते आणि ते एकत्र करायला मला अकरा वर्षं लागली.

तेव्हा रिव्काला यादीत 'ह'खाली भाऊ सापडणार नाही. तो 'ग'खाली असेल. तिला हे केव्हा कळतं, यावर कथा उभी राहील. सापडणं न सापडणं नंतर बघू.

रेघोट्या

ग्रंथपाल काका, साष्टांग नमस्कार. माझी चाळीस पानं फुकट गेली आणि मला त्याचा आनंद होतोय.

अक्षता_पु

काका, बेल्जियमचं पण सांगा ना. वह्यांचं.

ग्रंथपाल_निवृत्त

तू सांग, तुला येतं.

अक्षता_पु

बरं. ब्रसेल्समध्ये आन्द्रे ग्यूलाँ नावाची तरुण शिक्षिका होती, स्वतः ज्यू नव्हती. ती आणि तिच्या सोबतिणी ज्यू मुलांना घरोघरून उचलून शेतांवर, मठांत, अनोळखी कुटुंबांत लपवत. आईला पत्ता सांगत नसत, कारण आई पकडली गेली तर मारहाणीत तोंडून निघेल. नोंदी वेगवेगळ्या वह्यांत. एकीत खरं नाव, दुसरीत खोटं, तिसरीत पत्ता, आणि सगळ्यांना जोडणारा एक नंबर. एखादी वही सापडली तरी एकट्या वहीवरून काहीच कळू नये. युद्ध संपल्यावर सगळ्या वह्या शेजारी ठेवल्या की मूल पुन्हा 'जुळायचं'. ती बाई शंभर वर्षं जगली, २०२२ मध्ये गेली.

वॉर्सात इरेना सेंडलरने तेच केलं. कागदाच्या चिठ्ठ्यांवर खरी आणि नवी नावं लिहून बरणीत घालून सफरचंदाच्या झाडाखाली पुरली. चिठ्ठ्या वाचल्या. पण ज्यांना मुलं परत द्यायची त्या आईबापांतले बहुतेक ट्रेब्लिंकात मारले गेले होते.

कोंडाजीचा नातू

म्हणजे कुलूप आणि किल्ली दोन्ही ठेवली, आणि घरच जागेवर नाही.

उपप्रश्न

आजच्या गाझामधल्या मुलांबद्दल या धाग्यावर कुणी चकार शब्द काढत नाही, हे लक्षात आलं का कुणाच्या? तिकडेही मुलं ढिगाऱ्यात घरचे शोधतायत.

शनवारतेली

माझ्या लक्षात आहे. मी इथे राहते, मला रोज लक्षात आहे. वेगळा धागा काढा, मी तिथे येईन आणि जे वाटतं ते लिहीन. हा रेघोट्यांचा आहे.

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. सध्याच्या राजकारणासाठी वेगळा धागा काढावा.

सातवाजूनपाच

शेवटाबद्दल माझं मत : भेट घडवू नका. घडवली की वाचक डोळे पुसून फराळाला लागतो. त्या काळातल्या बहुसंख्य मुलांना कुणीच मिळालं नाही, ती बहुसंख्या अशी एका गोड प्रसंगाने झाकून टाकायची का?

टपालवाला

असहमत. भेटी झाल्या, त्याही खऱ्या आहेत. एली विझेल (पुढे मोठा लेखक झाला) बुखेनवाल्डच्या छळछावणीतून सुटून फ्रान्सला मुलांच्या वसतिगृहात होता. आईवडील, धाकटी बहीण गेलेली. आपलं कुणी नाही असंच तो धरून चालला होता. त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला आणि तो मोठ्या बहिणीने पाहिला. ती जिवंत होती, फ्रान्समध्येच! हे कथेत लिहिलं तर तुम्ही म्हणाल योगायोग.

आणि म्युनिकजवळ इंडर्सडॉर्फच्या मठात १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेने मुलांचं केंद्र काढलं, तिथे प्रत्येक मुलाच्या हातात त्याच्या नावाची पाटी देऊन फोटो काढले, वर्तमानपत्रांत छापायला. कुणीतरी ओळखेल म्हणून. ते फोटो बघा. काही मुलं हसतायत. फोटो काढताना हसायचं असतं म्हणून.

सातवाजूनपाच

योगायोग घडतो हे मान्य. पण आयुष्यात घडला की आपण थक्क होतो आणि कथेत घडला की लेखकाकडे बघतो.

शनवारतेली

मी मधला रस्ता सांगते. सापडणं म्हणजे शेवट नव्हे. फ्रान्सात फिनाली नावाच्या दोन भावांना ग्रनोबलच्या एका बाईने लपवून वाचवलं. आईबाप मारले गेले. आत्या जिवंत होत्या, त्यांनी १९४५ पासूनच मुलं मागितली. बाईने दिली नाहीत, १९४८ मध्ये बाप्तिस्मा केला, प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा काही धर्मगुरूंनी मुलं स्पेनमध्ये दडवली. १९५३ मध्ये परत आणली आणि ती इस्राएलला आली. म्हणजे इथे मुलं सापडली होती, पत्ता माहीत होता, तरी आठ वर्षं गेली. आणि त्या पोरांच्या बाजूनेही बघा. त्यांना जिचा चेहरा आठवत होता ती आई म्हणजे तीच बाई.

तेहरानच्या मुलांचंही असंच काहीसं. ती सिनाईतून आली तेव्हा प्रत्येक स्टेशनावर लोक फुलं, संत्री, गोळ्या-चॉकलेटं घेऊन उभे. पण ओंजळभर गोळ्या देता देता विचारत, तू अमक्या गावची का, आमच्या तमक्यांना पाहिलंस का. पोरं घरचे शोधत होती आणि मोठी माणसं पोरांकडे त्यांचे घरचे शोधत होती. आणि आठवड्याभरात भांडण सुरू : ही मुलं धार्मिक शाळेत जाणार की किबुत्झमध्ये? हेन्रिएटा झोल्ड, वय ८२, बिचारी या मुलांच्या संस्थेची प्रमुख, तिला निवाडा करावा लागला. प्रत्येक मुलाला विचारलं गेलं, तुझ्या घरी काय पाळत होते. सात-आठ वर्षांच्या पोराला! त्याला घर आठवत असेल तर ना.

इथे रेडिओवर वर्षानुवर्षं नातलग शोधणाऱ्यांची नावं वाचून दाखवत. माझे सासरे (बगदादी, त्यांचं कुणी युरोपात हरवलं नव्हतं) सांगत की तो कार्यक्रम लागला की बसमध्येही कुणी बोलायचं नाही.

उल्हासनगरकर

ताई, बसमधली शांतता कथेत घ्या. बाकी काही घेतलं नाही तरी चालेल.

रेघोट्या

मंडळी, आठ दिवस गायब होते. पुन्हा सगळं लिहिलं. शेवट अजून सांगत नाही, पण रिव्का 'ग'पर्यंत पोचली आहे. बसमधली शांतता घेतली. कराचीचा तुकडा इथे टाकते, बिनधास्त चिरफाड करा. (शनवारतेली ताई, कथेच्या आधी एक ओळ टाकली आहे की ही भेट काल्पनिक आहे.)

'तंबूंच्या पलीकडे तार होती आणि तारेपलीकडे एक बाई. साडी नेसलेली, हातात पितळी डबा. रिव्काने आजवर पाहिलेल्या कुठल्याच ज्यू बाईसारखी ती नव्हती, म्हणून ती ज्यू आहे असं पहारेकऱ्याने खुणेने सांगितलं तेव्हा रिव्काला ती थट्टा वाटली. समरकंदला पोलिश मुलंही अशीच थट्टा करायची.

बाईने डबा खाली ठेवला. उजवा हात डोळ्यांवर धरला आणि म्हणाली, शेमा इस्राएल.

पुढचे शब्द रिव्काच्या तोंडून आपोआप निघाले. उच्चार वेगळे होते. आपण चुकतोय की ती, हे तिला ठरवता येईना. दोघी अदोनाय एहाद वर एकदम पोचल्या.

बाईने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. राहेलबाई. मग बोट तारेतून आत आलं आणि तिच्याकडे वळलं. काय नाव गं बाळा तुझं?

प्रश्न कळला. नाव विचारण्याचा सूर सगळीकडे सारखाच असतो. वर्षभराच्या सवयीने रिव्का म्हणाली, मारिसिया.

बाईच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तिने परत विचारलं नाही. नुसती वाट बघत राहिली, जणू दुसरं नाव आत कुठेतरी चप्पल शोधतंय आणि आता येईलच बाहेर.

रिव्का, ती म्हणाली. मग थोडं मोठ्याने, रिव्का.

रिबका! बाई हसली. अगं, आमच्या आत्याचं नाव! मग ती पुष्कळ बोलली, भराभर, आणि रिव्काला त्यातला एकच शब्द कळला, तो तीन वेळा आला, आणि तो थोडासा चुकीचा होता. तिने तो दुरुस्त केला नाही. बाईचं बोलणं थांबल्यावर तिने तारेला तोंड लावून, हळू, जसं एखाद्याच्या हातात नाणं ठेवावं तसं आणखी एक नाव सांगितलं. हर्श. आणि हाताने उंची दाखवली, कमरेच्या थोडी वर. मग आठवलं की तो आता वाढला असेल. हात दोन बोटं वर नेला.'

अक्षता_पु

दोन बोटं.

ग्रंथपाल_निवृत्त

चिरफाड करायला बसलो होतो. 'चप्पल शोधतंय' काढा, तिथे लेखिका दिसते. बाकी हात लावू नका.

शनवारतेली

चप्पल राहू दे, काका. आमच्याकडे घर गजबजलेलं असलं की हे असंच होतं. रेघोट्या, डब्यात काय होतं ते लिहू नका म्हणून विनंती करणार होते, पण तुम्ही आधीच नाही लिहिलंत. मला माहीत आहे काय होतं. मलिदा.

कोंडाजीचा नातू

जहाज 'डुनेरा' की 'ड्युनेरा'? मी वाचलं की हेच जहाज १९४० मध्ये जर्मनीतून पळून इंग्लंडला आलेल्या ज्यू निर्वासितांना 'शत्रू नागरिक' म्हणून कैद करून ऑस्ट्रेलियाला घेऊन गेलं होतं. त्यांत इंग्लंडला एकटी आलेली काही मोठी मुलंही होती. तेच जहाज का?

टपालवाला

तेच. डुनेराच लिहा.

उल्हासनगरकर

एक बारीकशी चूक. जानेवारीत कराचीला समुद्रावरून गार वारा असतो, आजी म्हणायची संध्याकाळी गोधडी लागायची. राहेलबाई नुसत्या साडीवर तारेपाशी इतका वेळ उभी राहणार नाही. तिच्या अंगावर शाल द्या.

रेघोट्या

दिली. आता तिने ती तारेतून आत सरकवायची की नाही, एवढं ठरवते आहे.